मेडशीच्या वाटेवर चाक सोडविण्याची विद्या

वऱ्हाडचे जे दोन विभाग जुन्या दफ्तरांतून आढळतात, त्यांपैकी पूर्णेच्या खोऱ्यातील सखल, काळ्या, कपाशीच्या मैदानाला पायनघाट आणि त्याच्या दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेने उचलून धरलेल्या पठाराला बालाघाट म्हणण्याचा प्रघात मोगली अंमलापासून चालत आलेला आहे. आणि अकोल्याहून निघालेला वाटसरू पातूर मागे टाकून, डोंगराची चढण चढून, रानातून वळणे घेत मेडशीस पोहोचला म्हणजे आपण एका मुलुखातून दुसऱ्या मुलुखात आलो हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. आज मेडशी हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव आहे. याच बाजूच्या डोंगरातून मोर्णा नदी खाली उतरते, पातुराकडून अकोल्यास जाते आणि पुढे पूर्णेला मिळते; मेडशीजवळ तिच्यावर ऊर्ध्व मोर्णा प्रकल्पाचे धरण आहे. जी वाट नदीने उतरणीला घेतली तीच माणसाने चढणीला घेतली, आणि वाकाटकांच्या वत्सगुल्मापासून, म्हणजे आजच्या वाशीमपासून, उत्तरेच्या मैदानात उतरणाऱ्या माणसांना, जनावरांना आणि मालाला शतकानुशतके या डोंगराशी व्यवहार करावा लागला.

रस्त्यांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा गतीचा हिशेब मांडतात: पूर्वी किती दिवस लागत, पुढे किती प्रहर लागू लागले, आता किती घटका लागतात. हा हिशेब खोटा नाही. परंतु ज्या गावाच्या एका अंगाला सपाटी आणि दुसऱ्या अंगाला उतार आहे त्या गावाचा इतिहास केवळ गतीच्या मापाने मोजला तर त्यातील कसबाचा मोठा भाग अलिखित राहतो. उतारावर गाडी चालविण्यापेक्षा ती आवरणे कठीण, आणि आवरलेले चाक हवे तेव्हा पुन्हा मोकळे होणे, हे तर त्या दोहोंहून कठीण. चाक धरणे आणि चाक सोडणे या दोन क्रियांवर घाटातील सर्व वाहतूक उभी आहे, आणि या दोहोंतील दुसरीला गंज आणि खार हे दोन शत्रू आहेत. या विद्येचा मागोवा मेडशीच्या वाटेने घेता येतो, कारण खार आणि लोखंड यांची या मुलुखाशी गाठ जुनी आहे.

प्रारंभी या वाटेवर चाकच नव्हते, किंवा असले तरी थोडे. लदणीचे बैल हेच वाहन होते, आणि ते हाकणारे बंजारा समाजाचे तांडे धान्य व मीठ यांची ने-आण करीत. आज वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांत या समाजाची दाट वस्ती आहे आणि मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्यांचे परमश्रद्धेचे स्थान आहे. परंतु ज्या काळी आगगाडी नव्हती त्या काळी कोकणपट्टीचे मीठ पठारावरच्या रयतेच्या भाकरीपर्यंत पोहोचविणारा हा समाज होता, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत जितक्या आदराने यावयास हवी होती तितक्या आदराने आलेली नाही. बैलाच्या पाठीवरील गोणीला ब्रेक लागत नाही. बैल उतारावर आपले पाऊल आपण जपून टाकतो, आणि म्हणूनच चाकाच्या गाडीला अशक्य असलेल्या कित्येक अवघड खिंडी तांड्यांनी सहज ओलांडल्या.

मिठाची किंमत त्या काळी काय होती याची कल्पना आज करणे अवघड जाते. कंपनी सरकारने आणि पुढे राणीच्या सरकारने मिठावरील कर बुडू नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीपर्यंत एक जकातीची हद्द आखली होती. १८६९च्या सुमारास तिची लांबी सुमारे २३०० मैल होती आणि तिच्यावर जवळजवळ बारा हजार माणसे पहाऱ्यास होती. ही हद्द बऱ्हाणपुराजवळून जात असे, म्हणजे वऱ्हाडच्या अगदी उशाशी. तिच्या बऱ्याच भागावर बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांचे प्रचंड कुंपण लावून वाढविलेले होते, आणि ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, जे पुढे राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून प्रसिद्धीस आले, ते काही वर्षे या जकातखात्याचे प्रमुख होते. १८७९ साली ही हद्द उठली; कर उठला नाही. पुढे १३ एप्रिल १९३० रोजी अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे वऱ्हाडच्या सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला, तेव्हा त्यांना समुद्र शोधीत जावे लागले नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील भूगर्भातले पाणीच खारे आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या त्या पट्ट्याला लोक खारपाणपट्टा म्हणतात, आणि त्या पट्ट्यातील विहिरीचे पाणी उकळून सत्याग्रहींनी मीठ काढले. मेडशीच्या डोंगरात गोडे असलेले मोर्णेचे पाणी अखेर ज्या प्रदेशात जाऊन मिळते तेथील भूमी अशी क्षारयुक्त आहे.

मेडशीच्या नैर्ऋत्येस, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे, तेही खारेच. परंतु त्याचा खार निराळा. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत लोणारच्या परिसरात काच व साबण करण्याचे द्रव्य मिळते अशी नोंद आहे, आणि दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नावांनी ओळखले जाणारे तेथील क्षार पूर्वी दूरदूरच्या बाजारांत जात. त्यांत मिठाबरोबर सोड्याचा अंश मोठा असतो. मीठ लोखंड खाते. सोड्याचे तीव्र अल्कधर्मी पाणी उलट त्याच्या पृष्ठभागास शांत राखते, आणि यंत्रशाळांतून तेलकट, कळकट सुटे भाग धुण्यासाठी सोड्याच्या ऊन पाण्याचा उपयोग करतात तेव्हा लोखंड शाबूत राहते ते याच गुणामुळे. एकाच मुलुखात दोन खार, आणि लोखंडाशी दोघांचे वर्तन परस्परविरुद्ध, हे रसायनशास्त्र येथील लोहाराने पुस्तकात वाचलेले नव्हते. तरी खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या रहाटाचा कणा किती लवकर झिजतो हे त्याला पाहून माहीत असणार.

चाकाचा खरा उत्कर्ष झाला तो १८५३ नंतर. त्या वर्षीच्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव आकाशाला भिडले. आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली. आगगाडी पायनघाटातून गेली, त्यामुळे बालाघाटावरचा कापूस, धान्य आणि इमारती लाकूड अकोल्याच्या स्टेशनापर्यंत खाली आणणे हे घाटरस्त्याचे मुख्य काम होऊन बसले. वाशीम त्या वेळी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. १९०५ साली तो जिल्हा मोडून बहुतांश अकोल्यात घातला आणि १९९८ साली तो पुन्हा निराळा झाला. वाशीमच्याही पुढे, निजामाच्या सरहद्दीपलीकडे, हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. अशा रीतीने छावणी, जिल्ह्याचे ठाणे आणि रेल्वेचे स्टेशन या तिहींना ओवणारा हा रस्ता झाला, आणि मेडशी त्याच्यावर घाटमाथ्याचे गाव झाले.

आता गाडीच्या चाकाकडे वळू. सुताराने बाभळीचा तुंबा कोरावा, त्यात आरे बसवावेत, लोहाराने लोखंडी धाव तापवून लाल करावी आणि ती चाकावर चढवून एकदम पाणी ओतावे, म्हणजे आकसणारे लोखंड लाकडाचे सर्व सांधे घट्ट आवळून धरते. यात सुतार आणि लोहार या दोन बलुतेदारांचे सहकार्य इतके निकडीचे असे की एकाचे माप चुकले तर दुसऱ्याचे श्रम वाया जात. आसाला वंगण म्हणून एरंडेलात भिजविलेल्या चिंध्या घालीत. भरल्या गाडीचा सगळा भार चढणीला बैलांच्या खांद्यावर ओढ म्हणून येतो आणि उतरणीला मानेवर धक्का म्हणून येतो. हा धक्का बैलांना सोसवेना म्हणून देशातील घाटाघाटांतून गाडीवान निरनिराळ्या युक्त्या करीत. कोणी आऱ्यांतून आडवे लाकूड घालून चाक दोराने जखडून टाकी, म्हणजे ते फिरण्याऐवजी घासत जाई. कोणी गाडीमागे ओंडका बांधून फरफटत नेई. आणि पुढे लोहारांनी धावेवर लाकडी ठोकळा दाबून धरणारी तरफ बसविली. जखडलेल्या चाकाची धाव एकाच ठिकाणी घासून पातळ होते, म्हणून जाणता गाडीवान थोडेथोडे उतरून चाक थोडे फिरवून पुन्हा जखडी. मी याला ब्रेकच्या विद्येचा पहिला पाठ मानतो: धरून ठेवणारी वस्तू आणि धरली जाणारी वस्तू यांपैकी झिजावयाची ती स्वस्त, सहज बदलता येणारी असावी, आणि ती झीज सगळीकडे सारखी वाटली जावी. आजच्या लायनरच्या आणि पॅडच्या मुळाशी हाच विचार आहे.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. जगात जेथे जेथे चाक उतारास लागले तेथे तेथे या विद्येत चामड्याने प्रवेश केला आहे. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ ही जर्मन स्त्री पतीने बनविलेली तीन चाकी मोटार, पतीला न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत घेऊन गेली. वाटेतील टेकड्यांवर तिच्या गाडीच्या ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले, तेव्हा तिने एका गावच्या चर्मकाराकडून त्यांच्यावर चामडे ठोकवून घेतले. लायनरचा हा पहिला अवतार. पुढे १८९७च्या सुमारास इंग्लंडातील डर्बीशायरच्या डोंगराळ मुलुखात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी टिकाऊ अस्तर तयार करण्याचा व्यवसाय आरंभिला. त्या भागातील गाडीवान उतारावर चाकाला जुन्या बुटांचे तळवे लावून गाडी आवरीत असत आणि ते पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच्या मालाचे फेरोडो हे नाव लायनरच्या खोक्यावर वाचून आपल्याकडील मिस्त्री ज्या वस्तूची पारख करतात तिचा उगम अशा घाटातील गाडीवानांच्या गरजेत आहे. आमच्या वऱ्हाडी गाडीवानाला तो डर्बीशायरचा गाडीवान भेटता, तर भाषेच्या अडचणीवाचूनही दोघांना एकमेकांचे दुःख कळले असते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात मोटार लॉरी वऱ्हाडात आल्या. १९१४चा मोटार कायदा आणि त्यानंतर १९३९चा कायदा या दोहोंच्या दरम्यान खाजगी मालकांच्या ‘सर्व्हिस मोटारीं’चा काळ होता. वाशीमच्या पुढे निजामाच्या इलाख्यात शिरावयाचे म्हणजे करोडगिरीच्या नाक्यावर मालाची झडती आणि महसूल चुकता करणे आलेच. तिकडे निजाम सरकारच्या रेल्वेखात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली, ती या देशातील सर्वांत आरंभीच्या सरकारी सेवांपैकी होय. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली एसटी धावली. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर वऱ्हाडकडील प्रांतिक सेवा आणि मराठवाड्यातील निजामी सेवा या दोन्ही एसटीत विलीन झाल्या, आणि जी वाट दोन राज्यांमध्ये तुटलेली होती तिच्यावर एकच बस नांदेडपर्यंत जाऊ लागली.

आरंभीच्या गाड्यांचे ब्रेक सळ्या, तरफा आणि तारा यांनी ओढले जात. चार चाकांच्या चार तारा कधीही सारख्या ताणाच्या राहत नाहीत. एक चाक आधी धरते, दुसरे उशिरा, आणि ओल्या घाटात गाडी आडवी होते. १९१७च्या सुमारास अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट मिळविले. १९२१ साली ड्यूसेनबर्ग आणि १९२४ साली क्रायस्लर या गाड्यांत ते आले. फोर्डने मात्र १९३९च्या गाडीपर्यंत सळ्या सोडल्या नाहीत. बंद नळीतील द्रवाचा दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, त्यामुळे चारही चाके एकाच क्षणी एकाच जोराने धरली जातात. आणि येथे एक योग असा की या प्रारंभीच्या ब्रेकच्या तेलात मद्यार्काबरोबर मिसळलेला मुख्य पदार्थ एरंडेल हाच होता, कारण ते रबराला अपाय करीत नाही. बैलगाडीच्या आसातून निघालेले एरंडेल असे मोटारीच्या ब्रेकपर्यंत येऊन पोहोचले.

परंतु द्रवाचा ब्रेक आला तसा एक नवा रोगही आला. लाकडी ठोकळा गंजत नाही. लोखंडी सिलिंडर गंजतो. पुढे एरंडेलाच्या जागी आलेले ग्लायकॉलचे तेल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते, तो ओलावा चाकापाशी असलेल्या छोट्या सिलिंडरात साठतो, आणि तेथील पिस्टनभोवती गंज धरतो. गंजाचे आकारमान ज्या लोखंडापासून तो झाला त्याच्या कितीतरी पट असते; केसाएवढ्या फटीत सरकणाऱ्या पिस्टनला ती फट भरून निघाली की हालचाल उरत नाही. बाहेरून येणारे पाणी आणि चिखल रबरी टोपणाच्या भेगेतून आत जाऊन हेच काम करतात. मृगाच्या सरी पडल्यापासून पोळ्यापर्यंत अंगणात उभी राहिलेली जीप किंवा मोटार जेव्हा पहिल्यांदा हलविली जाते तेव्हा ‘चाक धरलं’ ही तक्रार घेऊन माणूस मिस्त्रीकडे येतो, ती या कारणाने. त्यात हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर लायनर ड्रमला चिकटून बसतो. म्हणून पावसाळ्यात गाडी पुष्कळ दिवस उभी करावयाची असेल तर हँडब्रेक मोकळा ठेवावा, गिअर टाकावा आणि चाकाला गोटा लावावा, हा जुन्या मिस्त्रींचा सल्ला शास्त्रोक्त आहे.

पठारावरचे पाणी गोडे असले तरी खाराचा उपद्रव येथे अगदीच नाही असे नाही. खारपाणपट्ट्यातल्या गाड्या खाऱ्या पाण्याने धुतल्या जातात आणि त्याच गाड्या घाट चढून वर येतात. त्याहून मोठे कारण शेतीचे आहे. सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या शेतात जे म्युरेट ऑफ पोटॅश नावाचे खत जाते ते रसायनदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड होय, म्हणजे खाण्याच्या मिठाचे सख्खे भावंड. फाटक्या गोणीतून सांडलेली त्याची भुकटी गाडीच्या तळाला, चाकाच्या आतल्या अंगाला आणि हौद्याच्या सांध्यांना चिकटते, हवेतील दमटपणा ओढून घेते आणि लोखंडावर सतत ओली राहते. जे काम बर्फाच्या देशांत रस्त्यावरचे मीठ करते ते येथे खताची गोणी करते, आणि ज्याने एकदा खत वाहणाऱ्या गाडीचे चाक उतरवून पाहिले त्याला याची साक्ष पटविण्याची गरज पडत नाही.

चाक सोडविण्याची रीत सांगावयाची तर तिच्यात पहिले स्थान निदानाला द्यावे लागेल. थोडे अंतर चालून आलेल्या गाडीची चारही चाके मिस्त्री हाताच्या अंतरावरून पाहतो. जे तापलेले, ज्याच्यापाशी लायनर करपल्याचा वास, ते धरलेले. मग जॅक लावून चाक अधांतरी करून फिरवतो. येथे अजाण माणूस हातोडा उचलतो; जाणता आधी ब्लीडरचा स्क्रू सैल करतो. स्क्रू सैल करताच तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर पिस्टन निर्दोष आहे, दोष मागे आहे: रबरी होज पाइप आतून सुजला असून दाब पुढे जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, किंवा मास्टर सिलिंडर दाब धरून ठेवतो. स्क्रू सैल करूनही चाक हलले नाही, तर मात्र गंजाने शू, तार किंवा पिस्टन पकडला आहे. एवढ्या एका परीक्षेने अर्धा दिवस वाचतो आणि निरपराध भाग फेकला जात नाही.

ड्रम निघत नसेल तर आधी आतला ॲडजस्टर मागे घेऊन शू आत ओढून घ्यावे लागतात, कारण वर्षानुवर्षांच्या झिजेने ड्रमच्या कडेला जी गंजाची धार तयार होते तिच्यात शू अडकतात. मग नटांच्या मधल्या जागी, कडेवर नव्हे, हातोड्याचे हलके ठोके घालतात. कडेवर मारलेला ड्रम चिरतो. कित्येक ड्रमना दोन आटे पाडलेली भोके असतात, त्यांत बोल्ट सारखे सारखे पिळीत गेले की ड्रम स्वतःहून पुढे येतो. पिस्टन बसलेला असेल तर त्याला बाहेरून उपसण्याची घाई न करता गाडीच्या पेडलचाच दाब वापरून तो ढकलवावा, पुढे लाकडाची चिप ठेवून; यंत्रातच जे बळ आहे तेच सर्वांत सरळ रेषेत लागू होते. बाहेर आल्यावर सिलिंडराच्या आत बोट फिरवून पाहावयाचे. नुसता डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने तो जातो. खड्डा पडला असेल तर सिलिंडर बदलावा किंवा लेथवर स्लीव्ह घालून घ्यावी, कारण खड्ड्यावरून जाणारा रबरी कप दोन महिन्यांत कापला जातो. धुण्याच्या बाबतीत अनेक होतकरू कारागीर फसतात: डिझेल किंवा रॉकेल लोखंडाला चालते, परंतु रबराला ते लागले की कप फुगून पुन्हा पिस्टन पकडतो. आतील भाग ब्रेकच्या तेलानेच धुवावेत. एका आसावरील दोन्ही चाकांचे काम बरोबर करावे, नाही तर गाडी एका अंगाला ओढते.

शेवटी नळीत शिरलेली हवा काढणे. यास दोन माणसे लागतात, एक पेडलवर, एक चाकापाशी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करावयाचा. गाडीखालून वस्तादाचा आवाज येतो, “दाब... दाब... धर, सोडू नोको,” आणि वर बसलेला पोऱ्या सारी ताकद पायात आणून पेडल धरून ठेवतो. बुडबुडे संपून तेलाची अखंड धार येईपर्यंत हे चालते. वस्ताद आणि पोऱ्या यांचे हे जे बोलण्याविना बरेचसे चालणारे सहकार्य, ते मला सुतार आणि लोहार यांच्या धाव चढविण्याच्या सहकार्याचे थेट वंशज वाटते. या विद्येला प्रमाणपत्र नाही. आयटीआयच्या वर्गात तिचा काही भाग शिकविला जातो, पण हातोडा केव्हा उचलू नये हे ज्ञान वस्तादाच्या शेजारी उकिडवे बसूनच मिळते.

आता समुद्रापलीकडील गोष्ट. बर्फ पडणाऱ्या देशांत रस्त्यावर मीठ टाकण्याची रीत फार जुनी नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८च्या सुमारास तिचा प्रयोग केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींच्या वाढीबरोबर ती सर्वत्र पसरली. आज त्या देशात वर्षास सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर जाते. डेट्रॉईट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची विस्तीर्ण खाण आहे, आणि तिचे मीठ वरच्या शहराच्या रस्त्यांवर पसरले जाते. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू साध्या पाण्याहून खाली असतो, म्हणून बर्फ वितळते. परंतु तेच खारे पाणी चाकांनी उडवून गाडीच्या तळाला लावले जाते, त्यातील क्लोराइड लोखंडावरील संरक्षक थर भेदते, आणि वसंतात गाडीच्या कॅलिपरची, म्हणजे डिस्क ब्रेकचे पॅड दाबून धरणाऱ्या पकडीची, पिन तिच्या खोबणीत वितळवून ओतल्यासारखी बसलेली आढळते. ज्या द्रव्याच्या मुठीसाठी येथे हजारो मैलांचे कुंपण उभारले गेले आणि दहिहांड्यास माणसे तुरुंगात जाण्यास सिद्ध झाली, ते द्रव्य तेथे मार्ग मोकळा करण्यासाठी डांबरावर टाकले जाते. मनुष्याच्या इतिहासात वस्तूंचे मोल इतके पालटल्याची उदाहरणे थोडी असतील.

शिकागो, डेट्रॉईट, टोरोंटो येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नित्याचा आहे. १९८१ साली उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांनी मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापिले, त्यापूर्वीपासून विदर्भातील अभियंते त्या मिठाच्या देशात आपल्या गाड्या चालवीत आहेत. तेथे मजुरी महाग असल्याने कॅलिपर दुरुस्त न करता सबंध बदलण्याकडे कल असतो. मेडशीच्या मिस्त्रीजवळ नवा कॅलिपर लगेच नसतो. तो पिन काढतो, खोबण साफ करतो, उष्णतेला टिकणारे वंगण भरतो, फाटका रबरी बूट बदलतो आणि तीच वस्तू पुन्हा कामाला लावतो. टाकाऊ ठरलेल्या लोखंडातील शिल्लक आयुष्य ओळखण्याची ही दृष्टी केवळ दारिद्र्याची कन्या आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती एक परिपक्व कारागिरी आहे, आणि श्रीमंत देशांत जुन्या गाड्यांचे षौकीन तीच आता मोठ्या कष्टाने शिकत आहेत.

एका गोष्टीविषयी मात्र मला काळजी वाटते आणि ती स्पष्ट लिहिली पाहिजे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि अद्यापही स्वस्त मालात त्याची शंका धरावी लागते. ड्रम उघडताच आतली काळी भुकटी फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून टाकण्याची सवय आमच्या गॅरेजांतून सार्वत्रिक आहे. त्या भुकटीतील सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि त्यांचा परिणाम वीस-तीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने दिसतो. ती भुकटी पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी, आणि शेजारी बसलेल्या पोऱ्याला सूक्ष्म तंतू अडविणारा मास्क द्यावा. ज्या मुलाला आपण विद्या देतो त्याच्या श्वासाची जबाबदारीही वस्तादाची आहे.

अलीकडे हा रस्ता पालटला आहे. अकोल्याहून तेलंगणातील संगारेड्डीपर्यंत जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण हाती घेतले गेले, तेव्हा अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशीम असे त्याचे दोन टप्पे पाडले गेले. पूर्वीच्या वळणांची धार कमी झाली आणि चढण-उतार सौम्य झाले. वाहनेही पालटली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींना चाक जखडू न देणारी यंत्रणा सक्तीची झाली. चाक किंचित धरून, सोडून, पुन्हा धरण्याचे जे काम जुना गाडीवान दोर सैल करून करी तेच आता विजेच्या स्पंदनाने क्षणात अनेकदा होते. त्या यंत्रणेला चाकाची गती कळते ती चाकापाशी बसविलेल्या दातेरी कड्यावरून आणि त्याच्यासमोरच्या संवेदकावरून. पावसाळ्याअखेर, किंवा खताच्या फेऱ्या झाल्यावर, त्या कड्याच्या दातांवर गंज चढतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि संगणकाने दोषाचा आकडा दाखविल्यावरही पुढचे काम चाक उतरवून, कडे घासून, पिन मोकळी करून, वंगण भरून हातानेच करावे लागते.